कोकणातल्या यहुद्यांची पोरं इस्रायलला गेली, पण कादंबरीतली रेचल दांड्यातच का थांबली?

पनवेल म्हटलं की आज लोकांच्या डोक्यात काय येतं? विमानतळ, एक्सप्रेस वे, फ्लॅटचे भाव आणि कुठल्यातरी हिरोचं फार्महाऊस.

पण याच पनवेलच्या जुन्या भागात एक वास्तू आहे. नाव बेथ एल सिनेगॉग, बांधली १८४९ साली. बेथ एलचा अर्थ होतो देवाचं घर. बोरीबंदरवरून ठाण्याला पहिली रेल्वे सुटली ती १८५३ मध्ये. म्हणजे देशात रेल्वे यायच्या चार वर्षं आधी पनवेलमध्ये यहुदी माणसं होती, आणि इतकी होती की त्यांना प्रार्थनेसाठी स्वतःची पक्की वास्तू हवी होती.

ही माणसं म्हणजे बेने इस्रायली. कोकणात त्यांना म्हणायचे शनवार तेली.

नावामागचं कारण सोपं आहे. धंदा घाण्यावर तेल काढायचा. पण शनिवारी काही झालं तरी घाणा बंद, कारण यहुदी धर्मात शनिवार हा सक्तीच्या विश्रांतीचा दिवस. गावातल्या बाकी लोकांना धर्मबिर्म काय माहीत नव्हता, त्यांना एवढंच दिसायचं की हे तेली शनिवारी काम करत नाहीत. झालं नाव.

त्यांची स्वतःची कथा अशी आहे की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. त्यातले सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि पुढची सगळी वस्ती त्यांच्यापासून वाढली. इतिहासकार या कथेच्या काळावरून भांडत राहतात. पण माणसं कोकणात पुरती मुरली यात वाद नाही. गावावरून आडनावं आली, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर, दांडेकर. नावंही बदलली. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझेकिएलचा हसाजी झाला. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधलं, ते सॅम्युएल इझेकिएल दिवेकर लोकांना सामाजी हसाजी म्हणूनच माहीत होते.

घरात मराठी, जेवणात नारळ आणि मासे, बायका नऊवारीत. पुरिमच्या सणाला चक्क होळीचा सण म्हणायचे, कारण दोन्ही सण साधारण एकाच सुमारास येतात. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा जो उपवास असतो, त्याचं नाव बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी उपवास सोडायला बिरडं असायचं. १८८० च्या सुमारास तर यांच्यात कीर्तनं सुरू झाली. विषय बायबलमधले, चाली आपल्या.

मग १९४८ मध्ये इस्रायल झाला. १९५० मध्ये त्या देशाने जगातल्या कुठल्याही यहुद्याला येऊन राहण्याचा हक्क देणारा कायदा केला. इथे कुणी त्यांना हाकललेलं नव्हतं, कुणी छळलेलं नव्हतं. तरी लोक जाऊ लागले. कुणी श्रद्धेपोटी, कुणी नोकरीसाठी, कुणी फक्त मोठा भाऊ गेला म्हणून. १९५१ च्या जनगणनेत भारतात साधारण २६ हजार यहुदी होते. २०११ मध्ये हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास आला. आज इस्रायलमध्ये लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावांत मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतात आणि त्यांचं मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही तिकडून निघालं.

आता खरा विषय. एवढा मोठा समाज एका-दोन पिढ्यांत गाव सोडून जातो, तेव्हा मागे काय राहतं? सिनेगॉग राहतात, कबरी राहतात, आडनावं राहतात. आणि गोष्टी राहतात, पण कुणीतरी लिहिल्या तरच.

बेने इस्रायलींच्या बाबतीत या गोष्टी लिहिणाऱ्यांत बायका पुढे आहेत. आणि या गोष्टी वाचताना एक प्रश्न डोक्यात येतोच. ही पात्रं खरी कोण आहेत? लिहिणारी बाई स्वतःचंच आयुष्य वेगळं नाव देऊन सांगतेय का?

हा प्रश्न जगात सगळ्यात जोरात कुणाला विचारला गेला असेल, तर एडविज दान्तिका या लेखिकेला. ती हैती देशाची. त्यामुळे कोकणात परत येण्याआधी थोडं तिच्याकडे जाऊ.

दान्तिका १९६९ साली पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये जन्मली. ती दोन वर्षांची असताना वडील कामासाठी न्यूयॉर्कला गेले, चार वर्षांची असताना आईही गेली. पोरगी काका-काकूंकडे वाढली. बाराव्या वर्षी तिला आईवडिलांनी ब्रुकलिनला बोलावून घेतलं. घरात क्रिओल, शाळेत फ्रेंच आणि आता तिसरीच भाषा, इंग्रजी. त्याच इंग्रजीत तिने १९९४ मध्ये पहिली कादंबरी आणली, ब्रेथ, आईज, मेमरी.

कादंबरीची नायिका सोफी. तीही हैतीची, तीही मावशीकडे वाढलेली, तिलाही बाराव्या वर्षी आई न्यूयॉर्कला बोलावून घेते.

लोकांनी काय करायचं ते केलं. सोफी म्हणजेच दान्तिका असं धरून टाकलं. त्यात १९९८ मध्ये ओप्रा विन्फ्रीने आपल्या बुक क्लबसाठी हे पुस्तक निवडलं आणि ते घराघरांत गेलं. कादंबरीत आई मुलीचं कौमार्य तपासते असा एक प्रसंग आहे. अमेरिकेतल्या हैतीच्या लोकांना हे फार झोंबलं. त्यांचं म्हणणं होतं, आता आपल्या सगळ्याच बायकांबद्दल लोक असंच समजणार, हिने आपली अब्रू काढली.

दान्तिकाने यावर उत्तर दिलं ते मात्र भारी होतं. तिने टीकाकारांशी वाद घातला नाही. पुढच्या आवृत्तीच्या शेवटी तिने थेट सोफीलाच पत्र लिहिलं, स्वतःच्याच पात्राला. त्याचा मथितार्थ असा, की तू एकटी मुलगी आहेस, तुझी गोष्ट तुझ्यापुरती आहे, पण लोकांनी तुझ्यावर अख्ख्या देशाचं ओझं टाकलंय.

छोट्या, दूर गेलेल्या समाजातून कुणी लिहायला लागलं की हे होतंच. मोठ्या समाजातल्या लेखकाने एक विक्षिप्त आत्या रंगवली तर ती विक्षिप्त आत्याच राहते. मराठीत हजार आत्या आहेत, वाचक दुसरी शोधतो. पण ज्या समाजावर जगात मोजून चार-पाच पुस्तकं आहेत, तिथली आत्या अख्ख्या समाजाची प्रतिनिधी होऊन बसते.

आता कोकणात या. इथलं ओझं ज्या लेखिकेने सगळ्यात जास्त काळ वाहिलं, त्यांचं नाव एस्थर डेव्हिड.

एस्थर यांचा जन्म १९४५ चा, अहमदाबादचा. वडील रुबेन डेव्हिड म्हणजे अहमदाबादचं कांकरिया प्राणिसंग्रहालय उभं करणारा माणूस. तरुणपणी शिकारी, नंतर प्राण्यांचा डॉक्टर आणि त्यांचा जिवलग. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एस्थर बडोद्याला शिल्पकला शिकल्या, टाइम्स ऑफ इंडियात कलेवर लिहू लागल्या आणि १९९७ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, द वॉल्ड सिटी.

पण आपल्याला इथे दोन कादंबऱ्या महत्त्वाच्या आहेत. २००२ ची बुक ऑफ एस्थर आणि २००६ ची बुक ऑफ रेचल.

बुक ऑफ एस्थर सुरू होते अलिबागच्या किनारपट्टीवरच्या दांडा गावात, दांडेकर नावाच्या बेने इस्रायली घराण्यात. बाथशेबा नावाची बाई, नवरा इंग्रजांच्या फौजेत, शेतीवाडी हिच्या अंगावर. पुढची पिढी डॉक्टर होते आणि अहमदाबादला जाते. त्याच्या पुढच्या पिढीत जोशुआ, शिकारी होता तो प्राणिसंग्रहालय काढतो. आणि शेवटच्या पिढीतल्या मुलीचं नाव एस्थर.

आता यात लपवायचं काय राहिलं? शिकारी, प्राणिसंग्रहालय, अहमदाबाद, लेकीचं नाव एस्थर. इथे लेखिकेने दारावर पाटीच लावली आहे.

गंमत पुढे आहे. एस्थर यांनी वडिलांवर एक वेगळं पुस्तकही लिहिलं, माय फादर्स झू. त्यात वडील स्वतःच्या नावाने येतात. म्हणजे एकच बाप एकीकडे जोशुआ आहे, दुसरीकडे रुबेन. एकाच माणसावर दोनदा का लिहायचं, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर दोन्ही पुस्तकांच्या कामात आहे. आठवणींच्या पुस्तकात जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिता येतं. पणजीच्या काळातल्या दांड्यात रात्री चुलीपुढे काय बोलणं झालं, हे कोण पाहायला होतं? तिथे कादंबरीच लागते. एस्थर अहमदाबादच्या. कोकण त्यांना पूर्वजांकडून आलं होतं. पूर्वजांचं गाव त्यांना कागदावर बांधून घ्यावं लागलं.

आणि एकदा ते गाव बांधून झाल्यावर तिथे एक बाई राहायला आली, रेचल.

रेचल विधवा आहे. दांड्यात एकटी राहते. मुलं इस्रायलला स्थायिक झाली आहेत. गावातले बाकी यहुदीही गेले. उरलं एक जुनं सिनेगॉग, जिथे आता प्रार्थना होत नाही. रेचल त्याची देखभाल करते, झाडलोट करते. मुलं म्हणतात, आई, इकडे ये. ती जात नाही. दरम्यान सिनेगॉगच्या जागेवर एका बिल्डरची नजर पडते, आणि समितीतलाच मर्दखय नावाचा माणूस विकायला तयार असतो. रेचल लढायचं ठरवते. वकील म्हणून ज्यूडा नावाचा तरुण मिळतो, मुलगी झेफ्रा इस्रायलहून येते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला रेचलची एकेक पाककृती आहे. शेवट सांगून मजा घालवण्यात अर्थ नाही.

या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, इंग्रजी भाषेसाठी. विचार करा, अलिबागकडची बाई, तिची मराठमोळी चूल, आणि पुरस्कार इंग्रजीचा. दान्तिकाची सोफी क्रिओलमध्ये विचार करते आणि इंग्रजीत बोलते, तसंच काहीसं. घर सुटलं की गोष्टीची भाषाही बदलते.

रेचल समजून घ्यायची असेल तर तीन गोष्टी माहीत हव्यात.

एक म्हणजे मिनियान. यहुदी धर्मात सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ माणसं लागतात, त्याला मिनियान म्हणतात. पारंपरिक पद्धतीत ही दहा माणसं म्हणजे दहा पुरुष. नऊ असले तर चालत नाही. गावातले पुरुष एकेक करून इस्रायलला गेले की एक दिवस असा येतो की दहावा माणूस मिळत नाही, आणि सिनेगॉग बंद पडतं. इमारत मजबूत असते, पैसे असतात, तरी बंद. कोकणातल्या कित्येक सिनेगॉगचं हेच झालं. सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसं आली तर दार उघडायचं.

आता रेचलकडे बघा. ती रोज तिथे जाते, दिवा बघते, धूळ झटकते. त्या वास्तूवर तिच्याइतका जीव कुणाचाच नाही. पण त्या दहांत ती कधीच मोजली गेलेली नाही. ज्यांना मोजायचे ते निघून गेले आणि जिला मोजत नव्हते ती राहिली. हे वाक्य कादंबरीत कुठेही लिहिलेलं नाही, पण गोष्ट वाचताना ते सतत जाणवत राहतं. एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाला राखणदार केलं असतं तर ही कादंबरी जुन्या आठवणींची साधी गोष्ट झाली असती.

दुसरी गोष्ट रेचल या नावाची. मराठी बायबलमध्ये हे नाव राहेल असं येतं. राहेल म्हणजे याकोबाची बायको, यहुद्यांची आदिमाता. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात तिचा एक प्रसिद्ध उल्लेख आहे. लेकरं परमुलखात नेली गेली म्हणून राहेल रडते आहे, कुणी समजूत घातली तरी ऐकत नाही, आणि देव तिला सांगतो की तुझी लेकरं आपल्या मुलखात परत येतील.

आता हे दांड्याला लावून बघा. इथली लेकरंही गेली आहेत, पण कुठे? त्याच वचन दिलेल्या मुलखात. धर्माच्या हिशोबाने ती घरी पोहोचली, आई मात्र परदेशात राहिली. आणि आईच्या हिशोबाने? तिच्या हिशोबाने घर म्हणजे दांडा, लेकरं गेली ती लांब. बायबलमधली राहेल लेकरं परत यावीत म्हणून रडते. कोकणातल्या रेचललाही लेकरं परत यावीत असंच वाटतं, फक्त दिशा नेमकी उलटी. बायबलमध्ये एस्तेर नावाचं पुस्तक आहे, रूथ नावाचं आहे, पण राहेलच्या नावाचं पुस्तक नाही. ते अलिबागच्या किनाऱ्यावर लिहिलं जाणं हा साधा योगायोग वाटत नाही.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे, आणि तिच्याबद्दल महाराष्ट्रात फारसं बोललं जात नाही. जे बेने इस्रायली इस्रायलला गेले, त्यांचं तिकडे स्वागत झालं ते एका प्रश्नाने. तुम्ही खरे यहुदी आहात का? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका घेतली. दुसऱ्या यहुद्याशी लग्न करायचं तर आधी मागच्या पिढ्या तपासा, असा फतवा निघाला. शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या माणसांना सांगितलं गेलं की कागद दाखवा. लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, शेवटी १९६४ मध्ये सरकारने आणि संसदेने त्यांची बाजू घेतली आणि धर्मपीठाला मागे यावं लागलं.

म्हणजे कोकणात त्यांना त्यांच्या यहुदीपणाचा पुरावा कुणी मागितला नव्हता. शेजारी म्हणायचे शनवार तेली, विषय संपला. पुरावा मागितला तो ज्याला घर म्हणून गेले त्या देशाने. हे माहीत असलं की रेचलचं न जाणं हा म्हातारीचा हट्ट वाटत नाही.

एस्थर डेव्हिड अहमदाबादमध्येच राहतात. त्यांचा समाज गेला, त्या राहिल्या. त्यांनी रेचलला स्वतःचं वय दिलं नाही, शहर दिलं नाही, पेशा दिला नाही. दिलं ते फक्त हे राहणं. बुक ऑफ एस्थरमध्ये नाव सारखं आहे म्हणून लोक आत्मचरित्र शोधतात. पण लेखिकेच्या खऱ्या प्रश्नाचं ओझं उचललंय ते तिच्याशी कशातच न जुळणाऱ्या रेचलने.

मग जी लेखिका प्रत्यक्ष गेली, तिची पात्रं कशी आहेत? त्यासाठी सोफी ज्यूडा यांचं पुस्तक बघायला हवं. सोफी बेने इस्रायली, जबलपूरच्या. सत्तरच्या दशकात त्या इस्रायलला गेल्या आणि तिकडेच संसार केला. २००७ मध्ये त्यांचा कथासंग्रह आला, ड्रॉप्ड फ्रॉम हेवन. या कथा घडतात ज्वालानगर नावाच्या गावात. मध्य भारतातलं गाव, बेने इस्रायली कुटुंबं, लग्नं जमवणं, मोडणं, आणि शेवटाकडे येताना इस्रायल. ब्रिटिशांच्या काळापासून आजपर्यंतच्या या गोष्टी आहेत.

ज्वालानगर नकाशावर शोधाल तर सापडणार नाही. ते काल्पनिक आहे.

फरक इथेच आहे. जी राहिली तिने खऱ्या गावाचं नाव घेतलं, दांडा. जी गेली तिने गावच नवीन बसवलं. असं का झालं असेल, याचा अंदाज करता येतो. खऱ्या गावाचं नाव घेतलं की तिथला माणूस म्हणतो, आमच्याकडे असं नव्हतं. अमुक गल्लीत तमुक दुकान नव्हतं. जबलपूरचे जे यहुदी आज इस्रायलमध्ये आहेत, त्यांची संख्या इतकी कमी आहे की कथेतली नणंद कुणाची खरी नणंद हे संध्याकाळपर्यंत कळेल. दान्तिकाच्या सोफीवर जे ओझं पडलं, ते टाळायचा हा साधा मार्ग, गावच खोटं ठेवा. शिवाय ज्याला परत जायचं नाही त्याला गाव कुठेही वसवता येतं. एस्थर यांना ते करता आलं नसतं, त्यांच्या कादंबरीत तर गावातली जमीनच विकायला निघाली आहे.

या दोघींच्या आधीही एक बाई होती, ती फारशी कुणाला आठवत नाही. मीरा महादेवन. जन्माचं नाव मिरियम जेकब मेंड्रेकर, बेने इस्रायली. बांधकामावरच्या मजूर बायकांच्या लेकरांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मोबाईल क्रेशेस ही संस्था त्यांनी सुरू केली, त्या कामासाठी त्यांना लोक ओळखतात. पण त्याआधी त्यांनी हिंदीत एक कादंबरी लिहिली होती, अपना घर. पुढे ती इंग्रजीत शुलामिथ नावाने आली. विषय तोच, घरातली माणसं इस्रायलकडे निघालेली आणि शुलामिथचा जीव इथे अडकलेला. मूळ नाव बघा, अपना घर. आपलं घर नेमकं कुठलं, हा प्रश्न नावातच आहे. पुढे शीला रोहेकर यांनीही हिंदीतच मिस सॅम्युएल लिहिली. तिची नायिका वृद्धाश्रमात राहणारी एक म्हातारी यहुदी बाई.

शुलामिथ, रेचल, मिस सॅम्युएल. तीन लेखिका, दोन भाषा, आणि प्रत्येकीची नायिका मागे राहिलेली बाई. समाजातली बहुतेक माणसं गेली आणि पुस्तकांत मात्र राहणाऱ्याच भेटतात. गेलेल्यांच्या गोष्टी सांगायला विमानाची तिकिटं आहेत, इस्रायलमधली घरं आहेत, नातवंडं आहेत. राहिलेल्यांकडे साक्षीला कुणी नाही.

आणि यातली एकही कादंबरी मुळात मराठीत लिहिलेली नाही. बेने इस्रायलींची घरातली भाषा मराठी, कीर्तन मराठीत, सणांची नावं मराठीत, तरीही. याची खंत मराठी वाचकाला वाटायला हरकत नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणसांची गोष्ट रायगडच्या वाचकाला इंग्रजीतून वाचावी लागते.

पनवेल, पेण, अलिबाग हा पट्टा आज जमिनीच्या भावासाठी ओळखला जातो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्याच्या आधीपासूनच गुंठ्याचे आकडे ऐकून माणूस गप्प बसेल अशी स्थिती आहे. ज्या समाजाची चार-पाच घरं उरली आहेत, त्याच्या नावावर मोक्याची जागा असेल तर काय होऊ शकतं, हे सांगायला कादंबरीकार लागत नाही. पण रेचलची गोष्ट २००६ ची आहे, हे लक्षात ठेवायला हवं. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर त्यांची नोंद इतरांमध्ये व्हायची.

रेचल लढते कशाने? कोर्टाचे कागद आहेत, वकील आहे. पण तिचं खरं हत्यार स्वयंपाकघरात आहे. घरी आलेल्या प्रत्येकाला ती खायला घालते आणि खाता खाता माणूस तिच्या बाजूने येतो. यहुदी नियमाप्रमाणे मटण आणि दूध एकत्र चालत नाही. जगातल्या इतर यहुद्यांना त्यावर काय काय उपाय शोधावे लागले. कोकणातल्यांच्या दारातच नारळ होता. नारळाचं दूध हे दूध धरलं जात नाही, त्यामुळे मटणाच्या रश्श्यातही चालतं आणि जेवणानंतरच्या गोडातही. नवीन वर्षाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात शिजवलेला चिकाचा हलवा करायचा, नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून मलिदा करायचा आणि एलियाहू हनबीचं नाव घ्यायचं. हा प्रेषित एलियाहू कोकणात येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे.

रेचलच्या पुस्तकातल्या पाककृतींनी एस्थर डेव्हिड यांना सोडलं नाही. पुढे त्यांनी भारतातल्या वेगवेगळ्या यहुदी समाजांत फिरून, लोकांच्या स्वयंपाकघरांत बसून खरोखरच्या पाककृती गोळा केल्या. कोकण, कोची, कोलकाता, आंध्र, ईशान्य भारत. २०२१ मध्ये त्याचं पुस्तक आलं, बेने अपेटीट. त्यात चिकाचा हलवा आहे, मलिदा आहे. आधी एका काल्पनिक बाईने रांधलं, आणि मग पंधरा वर्षांनी तिची लेखिका खऱ्या बायकांना विचारत फिरली, चीक किती वेळ ढवळायचा म्हणून.